पिशवीवरचा पत्ता

आमच्या बडोद्याला समुद्र नाही.
हे मी इतक्यांदा म्हटलंय
की त्या रविवारी पहाटे टेम्पोत चढतानाही म्हटलं,
आपल्याला काय करायचंय तिवरांशी?
भाचा म्हणाला, मावशी, चल तर खरी,
हातमोजे देतात.

खंभातच्या आखातावर ओहोटी इतकी लांब गेलेली
की पाणी म्हणजे टोकाला एक चकाकती रेघ.
अलीकडे नुसता राखाडी चिखल
आणि चिखलातून वर आलेली हजारो बोटं.
बोटं नव्हेत, नाकं, जशीबेन म्हणाली,
ही झाडं मुळांनी श्वास घेतात.
ती त्यांना चेर म्हणते.
सासऱ्यानं तिच्या चेर तोडून चुली पेटवल्या,
ती सहा पावसाळे वाकून बिया खोचतेय.

एकेका नाकाला काही ना काही बांधलेलं:
गुटख्याची माळ, सलाईनची नळी,
कुणाच्या मखराचा थर्मोकोलचा मोर.
आम्ही एकोणीस जण, आणि गुडघ्यापर्यंत गाळ.
ओढू नका, ती ओरडली, मूळ तुटेल.
तान्ह्याच्या मुठीतून आपले केस सोडवतो ना,
तसं.

साडेनऊच्या सुमारास ती माझ्या हाती आली.
पिवळी पिशवी, तांबडी गुजराती अक्षरं,
शेवाळे शेव-उसळ, दांडिया बाजार,
आणि आमच्या आडनावावर
खरंच शेवाळ धरलेलं.
कुणी हसलं. मीही हसले.
मग फोन नंबर मोजला, सहा आकडी.
म्हणजे ह्यांच्या हातची.

आणि गाठ.
दोन वेढे, वर एक उलटी मुरड,
तर्री सांडू नये म्हणून.
तशी फक्त हेच मारायचे,
बोलता बोलता, गिऱ्हाइकाकडे बघत.
आत आता तर्री नव्हती, गाळ होता,
एक बारका खेकडा होता.
माणूस जाऊन अकरा वर्षं झाली
आणि गाठ जशीच्या तशी.

जशीबेननं पोतं पुढे धरलं.
मी पिशवी त्यात टाकली नाही.
खेकड्याला वाट हवी म्हणून कोपरा फाडला,
तेवढंच.

परतताना काळ्या घोड्याच्या पुलावर टेम्पो अडकला.
खाली विश्वामित्री, काठावर मगर,
जबडा उघडा टाकून ऊन खात,
तिच्या पाठीला चिकटलेलं दुधाच्या पिशवीचं फडकं.
इथून ढाढर, ढाढरमधून आखात.
हा रस्ता मला कुणी शाळेत शिकवला नव्हता
आणि आम्ही पंचेचाळीस वर्षं
त्याच रस्त्यानं पार्सल धाडत होतो.

आता दर शनिवारी सातला आम्ही पुलाखाली.
फणसे मास्तर, वाडीतली चार पोरं,
मुबीन भंगारवाला त्याची हातगाडी घेऊन,
आणि जंगल खात्याचा एक मुलगा
लांब बांबू धरून उभा, नजर पाण्यावर.
तो म्हणाला मागे, की आम्ही मागे.
मगरीशी वाद नाही. घर तिचं.

दुकानात पाटी लावली,
डबा आणा, तर्री जास्त मिळेल.
निम्म्यांनी आणला.
काही समोरच्या दुकानात गेले,
तिथे अजून पिशवीत बांधून देतात.
सून गल्ल्याकडे बघते, बोलत नाही.
मी तिला दोष देत नाही.

पिवळी पिशवी गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगलीय.
धुतली, वाळवली.
भाचा म्हणतो, गाठ सोड, सपाट कर, फ्रेम करू.
मी म्हणते, सुटत नाही रे.
प्रयत्न केलेला नाही.

काल जशीबेनचा फोन आला.
चारशे बियांतल्या एकसष्ट धरल्या,
बाकी भरतीनं नेल्या, काही म्हशींनी.
एकसष्ट बरे आहेत, म्हणाली.
मग जरा थांबून:
तुमची अजून एक सापडली, बेन.
निळी आहे.

निळ्या मी छापून घेतल्या होत्या.
हे गेल्यावर.
दहा हजार.